टांगती शय्या व थंडीपासून संरक्षण
टांगती शय्या : दोन झाडे, खांब किंवा तशाच पक्क्या आधारांमध्ये दोऱ्यांनी टांगलेले, निजण्यासाठी वापरावयाचे कापड वा जाळे. इंग्रजीतून रूढ झालेल्या हॅमक या नावानेही ती ओळखली जाते. मराठीत तिला झोळी किंवा झुला असे म्हणतात. परंतु झोळी या शब्दाने तान्ह्या मुलाचा लुगड्याचा पाळणा आणि भिक्षेकऱ्याची पिशवी यांचाही बोध होत असल्याने येथे टांगती शय्या ही संज्ञा वापरली आहे. वजनाला हलकी, गुंडाळली असता पिशवीत मावणारी आणि ओल, दगडगोटे, मुंग्या व विंचू यांपासून निजणाऱ्यास दूर ठेवणारी अशी ही सोय असल्यामुळे रानात मुक्काम करणारे गिर्यारोहक, वन्यजीवांचे अभ्यासक व हौशी प्रवासी यांच्यात तिचा प्रसार झाला आहे. तथापि उष्ण प्रदेशात जन्मलेल्या ह्या साधनाचा एक दोष थंडीतच उघड होतो. ते निजणाऱ्यास खालून गारठवते. हा दोष ध्यानात आला नाही, तर अंगावर एकावर एक पांघरुणे घेऊनही पाठ उबत नाही आणि पहाटेपर्यंत झोप लागत नाही. कडक उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या विदर्भात हा अनुभव विशेष अवचित येतो, कारण तेथे थंडीची तयारी करून जाण्याचे बाहेरच्या माणसास सुचतच नाही.

हॅमक हा शब्द कॅरिबियन बेटांवरील तायनो लोकांच्या ‘हामाका’ या शब्दावरून स्पॅनिश भाषेमार्फत यूरोपीय भाषांत आला. ख्रिस्तोफर कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीत यूरोपीयांनी ही शय्या प्रथम पाहिली. पुढे जहाजांवर तिचा उपयोग सुरू झाला व इंग्लंडच्या नौदलाने १५९७ मध्ये ती अधिकृतपणे स्वीकारली. खलाशांच्या किंतानी शय्येत एक पातळ गादीही असे. ती मऊपणासाठी असावी असे वरवर वाटते, पण थंड समुद्रांवर तिचे खरे काम पाठीखालचा गारठा अडविण्याचे होते. मूळच्या सुती जाळ्याच्या शय्येला अशा गादीची गरज नव्हती; उबदार बेटांवर खालून लागणारा वारा हवाहवासाच असतो.

हेच तत्त्व विदर्भातील घरोघरच्या बाजेतही पाहावयास मिळते. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून निजण्याची रीत तेथे सार्वत्रिक आहे. सुतळीने विणलेल्या बाजेच्या फटींतून खालची हवा खेळती राहते व पाठीचा घाम वाळतो. त्याच बाजेवर हिवाळ्यात मात्र जाड गोधडी किंवा पोते अंथरल्यावाचून कोणी निजत नाही. अंथरुणाची ही गरज बाजेच्या बाबतीत प्रत्येकाला ठाऊक असते. टांगती शय्या नवी असल्याने तिच्या बाबतीत ती विसरली जाते, इतकेच.

उष्णतेचा ऱ्हास : स्वस्थ निजलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात सु. ७० ते ८० वॉट उष्णता सतत निर्माण होत असते. पांघरुणाचे काम उष्णता देण्याचे नसून ही उष्णता सावकाश बाहेर जाऊ देण्याचे असते. तंतूंमध्ये अडकून पडलेली स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंदवाहक असल्याने पांघरुणाची ऊब त्याच्या वजनावर नव्हे, तर त्यात किती जाडीची हवा कोंडलेली आहे यावर अवलंबून असते. जमिनीवर निजलेल्या माणसाची उष्णता खाली मातीत वहनाने जाते; परंतु त्याच्या पाठीखाली वारा नसतो आणि दिवसभर तापलेली माती रात्रीही काही काळ हवेपेक्षा उबदार राहते. टांगत्या शय्येत पाठीखाली केवळ कापडाचा एक पदर असतो व त्याखालून हवा वाहत असते. अंगाच्या उबेने तापलेला हवेचा थर तयार होताच वारा तो वाहून नेतो व त्याजागी नवी थंड हवा येते. ह्याला उष्णतेचे अभिसरण म्हणतात. बाहेरचे तापमान २०° से. च्या आसपास असतानाही अनेकांना टांगत्या शय्येत पाठीला गारवा जाणवू लागतो, त्याचे कारण हेच.

येथे पुष्कळांचा असा समज असतो, की चांगल्या जाड रजईत स्वतःला गुंडाळून घेतले म्हणजे झाले. तसे होत नाही. अंगाखाली आलेला रजईचा भाग शरीराच्या भाराने चेपला जातो, त्यातील हवा निघून जाते आणि उरतो तो फक्त दाबलेला कापूस. खांदे, पाठ व नितंब ह्या ठिकाणी भार सर्वाधिक असल्याने नेमके तेच भाग प्रथम गारठतात. पिंजाऱ्याचा व्यवसाय याच कारणावर उभा होता. वर्षभराच्या वापराने रजईतील कापूस बसतो, त्याच्या गाठी होतात. पिंजणाने तो पुन्हा फुलविला म्हणजे तीच रजई तेवढ्याच वजनात पुन्हा उबदार होते. टांगत्या शय्येत निजणारा माणूस आपल्या पाठीखालच्या रजईची अशी वर्षभराची दशा एका क्षणात करतो.

पांढरकवडा परिसरातील थंडी : पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय नागपूर–हैदराबाद मार्गावर वसले आहे. कापूस व तूर ही भोवतालच्या शेतीची प्रमुख पिके होत. जवळच टिपेश्वर अभयारण्य (स्थापना १९९७, क्षेत्रफळ १४८·६३ चौ. किमी.) असून वाघांमुळे त्याची कीर्ती झाल्यापासून हिवाळ्यात तेथे येणाऱ्या पर्यटकांची संख्या बरीच वाढली आहे. विदर्भात रानाच्या आसपास मुक्काम करण्यास सोयीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच होत. कारण पुढे ऊन असह्य होते व त्यानंतर पावसाळा लागतो. अर्थात सोयीचा काळ आणि थंडीचा काळ एकच आहे.

समुद्रापासून दूर असलेल्या ह्या प्रदेशात हिवाळी हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तापमान २८°–३०° से. च्या आसपास असते. दुपारी सदरा नकोसा वाटतो व त्याच अंदाजाने रात्रीचे सामान बांधले जाते. सूर्यास्तानंतर जमीन आपली उष्णता प्रारणाने निरभ्र आकाशाकडे वेगाने टाकू लागते. डिसेंबरअखेर रात्र सु. तेरा तासांची असते, त्यामुळे ही क्रिया दीर्घकाळ चालते आणि सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यानंतर उत्तरेकडील थंड व कोरडे वारे विदर्भापर्यंत पोहोचले, म्हणजे दोनतीन दिवसांतच पारा एकदम उतरतो. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३·५° से. पर्यंत खाली गेले होते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १०° से. किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा ४·५° ते ६·४° से. नी खाली असल्यास थंडीची लाट व त्याहूनही अधिक खाली गेल्यास तीव्र लाट समजली जाते. ४° से. किंवा त्याखालील तापमान असल्यास सरासरीशी तुलना न करताही लाट मानली जाते.

मुक्कामाची जागा निवडताना आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून वाहत जाऊन नाल्याच्या पात्रात व खोलगट शेतांत साचते. पाण्याजवळची, झाडीने वेढलेली सखल जागा संध्याकाळी रम्य दिसते, पण पहाटे तीच सर्वाधिक गारठलेली असते. थोड्या उंचवट्यावरची, उत्तरेच्या वाऱ्याला आड असलेली जागा दिसायला साधी असली तरी रात्र काढण्यास चांगली.

जागल व मचाण : हौशी मुक्काम हा ह्या प्रदेशात अलीकडचा, उंचावर टांगलेल्या वा रचलेल्या अंथरुणावर हिवाळ्याची रात्र काढण्याची परंपरा मात्र शेतकऱ्यांची आहे. तूर, हरभरा, गहू ही पिके उभी असताना रानडुकरे व रोही (नीलगाय) यांपासून ती राखण्यासाठी रात्री शेतात राहावे लागते. त्यास जागल म्हणतात. जंगलाला लागून असलेल्या गावांत व कोलामांच्या पोडांभोवतीच्या शेतांत जागलीवाचून पीक हाती लागणे कठीण असते. ह्यासाठी लाकडी बल्ल्यांचे किंवा झाडाच्या फांद्यांच्या आधाराचे मचाण उभारतात. उंचावर राहिल्याने शेत दूरवर दिसते आणि श्वापदांपासून काहीशी सुरक्षितता लाभते. ही सुरक्षितता ह्या भागात गौण नाही. पांढरकवडा वनविभागातील टी-१ ह्या वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडण्यात आला होता. ‘अवनी’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेली ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यात गोळी घालून मारण्यात आली. अशा मुलखात थंडी वाजते म्हणून खाली उतरून जमिनीवर निजावे, हा सल्ला देण्याजोगा नसतो. वरच निजायचे आणि वरच ऊब राखायची, हा तेथील प्रश्न आहे.

मचाणाची रचना पाहिली असता हा प्रश्न अनुभवाने कसा सोडविला गेला आहे, ते कळते. मचाणाचा तळ बांबूच्या कामट्यांचा वा फांद्यांचा, म्हणजे फटींचा असतो आणि त्याखालून वारा वाहतो. ह्या दृष्टीने ते टांगत्या शय्येचेच भावंड होय. म्हणून त्यावर प्रथम कडब्याचा किंवा वाळल्या गवताचा जाड थर अंथरतात. भाताच्या पट्ट्यात त्यासाठी तणीस वापरतात. गोधडी त्याच्या वर येते. ताठर काड्या अंगाच्या भाराने पूर्णपणे चेपल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यामधील हवा कायम राहते. एवढ्या एका गुणात कडबा उंची रजईहून श्रेष्ठ ठरतो. वाऱ्याच्या बाजूस तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा बांधतात. वर छप्पर असते, ते केवळ पावसासाठी नव्हे. उघड्या आकाशाखाली पांघरुणाचा वरचा पृष्ठभाग प्रारणाने हवेपेक्षाही थंड होतो व त्यावर दव साचते. छपराने हे दोन्ही टळते. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा सर्वांत थंड असून काही मीटर उंचीवर ती किंचित उबदार असते. ह्याचा लाभही मचाणावरील माणसास मिळतो, परंतु वारा सुटला की तो नाहीसा होतो.

संरक्षणाचे उपाय : टांगत्या शय्येतील ऊब राखण्याच्या सर्व उपायांचे सार पाठीखाली न चेपणारा व वारा न शिरणारा थर निर्माण करणे हे होय. अनुभवी प्रवासी त्यासाठी शय्येच्या बाहेरून, तळाशी, दोऱ्यांनी टांगलेली रजई वापरतात. तिला तळरजई म्हणता येईल. ती शरीराच्या भाराखाली येत नसल्याने फुललेली राहते. मात्र ती शय्येला हलकेच टेकलेली असावी लागते. मध्ये पोकळी राहिल्यास तेथून वारा वाहतो आणि फार ताणल्यास ती चेपली जाते. तिची दोन्ही टोके दोरीने आवळून बंद करणे आवश्यक असते. बहुतेकांची तळरजई निरुपयोगी ठरते ती ह्या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच. दुसरा व स्वस्त उपाय म्हणजे बंद छिद्रांच्या फोमची चटई. सु. १ सेंमी. जाडीचा असा फोम भाराखालीही फारसा दबत नाही व ओल शोषत नाही. एकपदरी शय्येत चटई रात्री सरकते. दुपदरी शय्येच्या दोन पदरांमध्ये ती घातल्यास जागेवर राहते. चटई बहुधा अरुंद असते व शय्येच्या कडा खांद्यांना वेढतात, म्हणून खांद्यांच्या बाजूस आणखी एक आडवा तुकडा लागतो. शय्येत मध्यरेषेवर सरळ न निजता थोडे तिरपे निजल्यास पाठ सपाट राहते आणि अंथरूणही सारखे पसरते.

वर ताणलेले ताडपत्रीचे छत शय्येच्या शक्य तितके जवळ व वाऱ्याच्या बाजूस जमिनीपर्यंत उतरते असावे. शय्या खाली, बसण्याच्या उंचीइतकी बांधावी. उंच बांधल्यास वारा अधिक लागतो.

वस्त्रांविषयी कापसाच्या मुलखात एक गोष्ट सांगणे थोडे अप्रिय वाटेल, पण ती आवश्यक आहे. कोरडा, फुललेला कापूस उत्तम ऊब देतो. ओला कापूस काहीच देत नाही. सुती तंतू पाणी धरून ठेवतात, त्यांच्यामधील हवेची जागा पाणी घेते आणि ते अंगातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. दिवसभर चालून घामेजलेला सदरा व मोजे तसेच ठेवून निजणे हे रात्री गारठण्याचे फार मोठे कारण आहे. निजण्यापूर्वी कोरडे कपडे घालणे हा म्हणूनच सर्वांत स्वस्त उपाय होय. लोकरीचे तंतू कुरळे असल्याने दमट झाल्यावरही त्यांच्यात हवा टिकून राहते. धनगरी घोंगडी ह्या बाबतीत फार गुणाची असते. तिला चिंचोक्याची खळ दिल्याने ती ताठ होते, वारा अडवते व पाठीखाली कमी चेपली जाते. तिचा खरखरीतपणा सोसण्याची तयारी असल्यास टांगत्या शय्येचे अंथरूण म्हणून तिच्याइतकी सोयीची देशी वस्तू क्वचितच सापडेल. पाठीखाली प्लॅस्टिकचा कागद घातल्यास वारा अडतो, परंतु अंगातून निघणारी वाफ त्यावर साचून कपडे ओलावतात. म्हणून कागद नेहमी अंथरुणाच्या बाहेरच्या बाजूस असावा, अंगालगत नसावा. तोंडावर पांघरूण ओढून निजल्यानेही श्वासातील बाष्प पांघरुणात उतरते. त्याऐवजी कानटोपी व मफलर यांनी डोके, कान व मान झाकून नाक-तोंड मोकळे ठेवावे.

अवचित थंडी पडल्यास : तयारी नसताना पारा उतरला, तर हाताशी असेल त्यातूनच अंथरूण तयार करावे लागते. पोत्यात कडबा, कुटार किंवा वाळला पालापाचोळा सैलसर भरून ते पाठीखाली घेतल्यास उत्तम गादी होते. पाला निवडताना तो कोरडा व विंचू-किड्यांपासून मुक्त आहे, हे पाहून घ्यावे. वर्तमानपत्रांचे चुरगाळून पसरलेले कागद, रिकामी केलेली पाठपिशवी, जादा कपडे, दोर यांचाही उपयोग होतो. जी पांघरुणे आहेत त्यांची विभागणी बदलणे हा सर्वांत महत्त्वाचा बदल होय. दोन पांघरुणांपैकी जाड असलेले खाली व पातळ असलेले वर घ्यावे. नवखा माणूस नेमके उलट करतो. गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली कापडात गुंडाळून मांड्यांमध्ये किंवा पोटाशी धरल्यास ती काही तास ऊब देते. निजण्यापूर्वी पोटभर जेवावे. तीळ, शेंगदाणे व गूळ जवळ ठेवून मध्यरात्री खाल्ल्यास शरीराला उष्णता निर्माण करण्यास इंधन मिळते. लघवीला लागली असता थंडीच्या भीतीने अडून राहू नये; त्या अस्वस्थतेने झोप तर जातेच.

हे सर्व करूनही कापरे थांबत नसेल व जागा श्वापदांच्या दृष्टीने सुरक्षित असेल, तर शय्या सोडून जमिनीवर यावे. कोरड्या जमिनीवर गवताचा वीतभर थर पसरून, शय्येचे कापड त्यावर अंथरून दोघातिघांनी एकमेकांस लागून निजल्यास तेवढ्याच पांघरुणात कितीतरी अधिक ऊब मिळते. थंडीत साप नसतात, ही समजूत चुकीची आहे. घोणस हिवाळ्यातही हिंडताना आढळते, म्हणून जागा काठीने झाडून घ्यावी.

शेकोटी हा सर्वांच्या मनात प्रथम येणारा उपाय असला, तरी टांगत्या शय्येच्या बाबतीत तो फारसा कामाचा नाही. शेकोटीची उष्णता तिच्याकडे तोंड असलेल्या बाजूसच मिळते, ती विझल्यावर थंडी अधिक बोचते आणि तिच्या ठिणगीने नायलॉनचे कापड वितळून छिद्रे पडतात. शय्येखाली निखारे ठेवणे हे तर सरळ धोक्याचे होय. कडब्याने भरलेल्या मचाणाजवळ शेगडी नेऊ नये. चहूबाजूंनी बंद केलेल्या ताडपत्रीखाली कोळशाची शेगडी जळत ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचून झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. राखीव वनांत आग पेटविण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार मनाई आहे. अभयारण्यात तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीवाचून प्रवेशही करता येत नाही. टिपेश्वरच्या परिसरात मुक्काम करावयाचा तो अभयारण्याबाहेर व जमीनमालकाच्या संमतीने.

अल्पतप्तता : शरीराचे आतील तापमान ३५° से. च्या खाली जाणे ह्यास अल्पतप्तता म्हणतात. तिच्यासाठी बर्फच पडावा लागतो असे नाही. ओले कपडे, वारा व थकवा एकत्र आल्यास ५°–१०° से. तापमानातही ती उद्‍भवते. विदर्भातील शेतकऱ्याच्या बाबतीत ही तिन्ही कारणे सहज एकत्र येतात. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने दिवसा व रात्री मिळत आल्याने हरभरा वा गव्हाला पाणी देण्यासाठी त्याला रात्री गुडघाभर ओल्यात उभे राहावे लागते व त्याच ओल्या पायांनी तो मचाणावर चढतो. दिवसा वीज मिळावी ह्या हेतूने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू करण्यात आली. रात्रीच्या पाळीचे पाणी द्यावेच लागत असेल, तर कोरडे धोतर वा विजार व मोजे पिशवीत घालून मचाणावर आधीच ठेवणे, हे एक जादा पांघरूण नेण्यापेक्षा अधिक हिताचे ठरते.

प्रारंभी जोराचे कापरे भरते, बोटांची हालचाल मंदावते, जीभ जड होते व माणूस असंबद्ध वागू लागतो. तापमान सु. ३२° से. च्या खाली गेल्यावर कापरे थांबते. त्याला बरे वाटू लागले असा गैरसमज सोबत्यांनी करून घेऊ नये. ही स्थिती आधीपेक्षा गंभीर असते. अशा माणसास वाऱ्यापासून आड नेऊन आडवे निजवावे, ओले कपडे उतरवून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि त्याच्या अंगाखाली जाड अंथरूण आहे ह्याची प्रथम खात्री करावी. ऊब छाती, मान व काखा यांना द्यावी. हातपाय चोळू नयेत किंवा आगीसमोर धरू नयेत, कारण त्यामुळे त्वचेस इजा होते व हातापायांतील थंड रक्त एकदम हृदयाकडे येण्याचा धोका असतो. तो पूर्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तरच गरम, गोड चहा किंवा दूध घोटघोट पाजावे. मद्य कदापि देऊ नये. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून क्षणभर ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात मात्र शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. कापरे थांबलेल्या किंवा गुंगीत असलेल्या माणसास, हिसके न देता, आडव्या स्थितीतच जवळच्या रुग्णालयात न्यावे. मचाणावरून उतरवताना तर दोघांनी धरून सावकाश उतरवावे, त्याला स्वतः शिडीवरून उतरू देऊ नये.